लाटेचा हिशेब आणि भिंतीचा आकार

पावसाळ्यातल्या उधाणात मरिन ड्राइव्हच्या कठड्यावरून पाण्याचा पांढरा लोट सरळ आभाळाकडे उडतो आणि पाहणारे म्हणतात, केवढी ही लाट! प्रत्यक्षात कठड्यापाशी पोचलेली लाट त्या लोटापेक्षा पुष्कळ बुटकी असते. तो लोट एकट्या समुद्राने घडवलेला नसतो, त्यात भिंतीचा वाटा मोठा असतो. धावत येणाऱ्या पाण्याला समोर उभी भिंत लागते, खाली तळ असतो, मागून आणखी पाणी रेटत असते. मोकळी दिशा एकच उरते, ती वरची. हेच पाणी पसरट पुळणीवर चढले असते, तर फेसाळत थोडे पुढे जाऊन मागे फिरले असते. किनाऱ्यावर भिंत बांधायची म्हटली की आपल्याकडे वाद होतात ते तिच्या उंचीवर आणि खर्चावर. पण रस्त्यावर किती पाणी पडेल, भिंतीला किती मार बसेल आणि तिच्या पायाखालची वाळू टिकेल की जाईल, या तिन्ही गोष्टी उंचीइतक्याच, काही वेळा उंचीपेक्षा जास्त, भिंतीच्या आकारावर ठरतात. कोणताही एक आकार या तिन्ही बाबतींत एकदम सरस ठरत नाही, हे सुरुवातीलाच स्वीकारले तर पुढची चर्चा सरळ होते.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. पावसाळ्यात ‘आज समुद्रात ४.८ मीटर उंचीच्या लाटा’ अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. तो आकडा लाटेच्या उंचीचा नसतो. तो भरतीच्या कोष्टकातला असतो आणि एका ठरावीक संदर्भपातळीपासून पाणी किती वर चढेल, एवढेच सांगतो. लाटा त्या चढलेल्या पाण्यावर वेगळ्या येतात. एखाद्या दिवशी भरती ४.८ मीटरची असूनही समुद्र शांत असू शकतो, आणि चार मीटरच्या भरतीला वादळी वारा मिळाला तर रस्ता पाण्याखाली जाऊ शकतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण भिंतीचे काम दोन आकड्यांच्या वजाबाकीपासून सुरू होते. भिंतीचा माथा वजा त्या वेळची पाण्याची पातळी, म्हणजे भिंतीची मोकळी उंची. समजा, त्याच संदर्भपातळीपासून माथा सात मीटरवर आहे. भरती साडेतीन मीटरची असेल तर साडेतीन मीटर भिंत मोकळी राहते, ४.८ मीटरची असेल तर जेमतेम २.२ मीटर. शिवाय पाणी चढले की भिंतीसमोरची खोली वाढते, आणि उथळ पाण्यात आधीच फुटून जाणारी मोठी लाट आता थेट भिंतीपर्यंत येऊ शकते. भरती अशी दोन्ही बाजूंनी भिंतीच्या विरोधात काम करते.

लाट म्हणजे पाण्याचा प्रवास कमी आणि ऊर्जेचा प्रवास जास्त. दोन मीटर उंचीची, दहा सेकंदांच्या अंतराने येणारी लाट खोल समुद्रातून किनाऱ्याच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे ४० किलोवॅट शक्ती वाहून आणते. किनाऱ्याची एक किलोमीटर लांबी धरली तर ते ४० मेगावॅट झाले. उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट होते. उथळ तळावरून येताना यातला काही भाग घर्षणात आणि लाट फुटण्यात खर्ची पडतो. उरलेल्या ऊर्जेला भिंतीपाशी तीनच वाटा असतात. ती समुद्रात परत फेकली जाते, जागच्या जागी खळबळ, फेस आणि उष्णता होऊन विरते, किंवा भिंत ओलांडून आत येते. चौथी वाट नाही. भिंत ऊर्जा नाहीशी करत नाही, ती फक्त वाटणी ठरवते, आणि ही वाटणी आकाराच्या हातात असते.

गुळगुळीत उभी भिंत ही वाटणी अगदी ढोबळपणे करते. भिंतीसमोर पाणी खोल असेल आणि लाट न फुटता येत असेल, तर जवळजवळ सगळी ऊर्जा ती परत पाठवते. परतणारी लाट आणि येणारी लाट एकमेकींत मिसळतात, आणि भिंतीपाशी पाणी लाटेच्या दुप्पट उंचीने वरखाली होते. दोन मीटरची लाट तिथे चार मीटरचे हेलकावे देते. हा दाब मोठा असला तरी शिस्तीचा असतो. सावकाश चढतो, सावकाश उतरतो. फ्रेंच अभियंता सेनफ्लू याने १९२८ मध्ये त्याचे गणित मांडले आणि बंदरांच्या उभ्या भिंती पुढे कित्येक वर्षे त्या आधारावर उभ्या राहिल्या. म्हणूनच बंदराच्या खोल पाण्यात उभी भिंत हा वाईट पर्याय नाही. तिला जागा कमी लागते, जहाज लागू शकते, आणि लाट तिच्याशी बऱ्यापैकी सभ्यपणे वागते.

बिघडते ते पाणी उथळ झाल्यावर. तळ चढत गेला की लाट पुढे झुकते, आणि तिचा पुढचा भाग अगदी उभा होण्याच्या क्षणी समोर भिंत आली, तर पाण्याची एक सपाट पाटी भिंतीच्या सपाट पाटीवर आदळते. पाण्यावर आडवा तळहात आपटला की जसा चटका बसतो, तसाच हा प्रकार. स्कॉटलंडचा अभियंता टॉमस स्टीव्हन्सन, जो कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा पिता, त्याने १८४० च्या दशकात स्प्रिंग बसवलेले एक साधे यंत्र खडकांवर बसवून लाटांचा मार मोजला. स्केरीव्होरच्या दीपगृहापाशी १८४५ च्या मार्चमध्ये त्याने नोंदवलेला आकडा चौरस फुटाला ६,०८३ पौंडांचा होता, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ३० टन. एवढा मार कुठून येतो, याचा उलगडा व्हायला आणखी नव्वद-पंचाण्णव वर्षे लागली. वाळवंटातल्या वाळूच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेल्या राल्फ बॅग्नॉल्डने १९३९ मध्ये प्रयोगशाळेतल्या लाटांवरून दाखवले, की सर्वात तीव्र दाब तेव्हा येतो जेव्हा लाट आणि भिंत यांच्यामध्ये हवेचा पातळ थर कोंडला जातो. तो थर क्षणार्धात दाबला जातो, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाइतक्या, कधी त्याहूनही कमी वेळात दाब शिखराला पोचतो. हे शिखर शांत पाण्याच्या दाबाच्या कित्येक पट असते. फार थोडा वेळ टिकत असल्याने काँक्रीटच्या एकसंध ठोकळ्याला ते बहुतेकदा पेलवते. पण दगडी बांधकामाच्या सांध्यांत, जुन्या चिऱ्यांमागच्या पोकळीत हाच दाब शिरला की चिरा बाहेर ढकलला जातो. वादळानंतर कठड्याचे दगड रस्त्यावर पडलेले दिसतात, त्यामागे बहुधा हे कारण असते.

एकच भिंत दिवसभरात तीन वेगवेगळ्या परिस्थितींना तोंड देते. ओहोटीला लाटा दूरवरच फुटतात आणि भिंतीपर्यंत नुसता फेस येतो. मधल्या पाण्याला लाट नेमकी भिंतीवर फुटते आणि सर्वात कडक मार बसतो. पूर्ण भरतीला पाणी पुरेसे खोल झाले, तर लाट न फुटता परतते, मार सौम्य होतो, पण माथ्यावरून आत येणारे पाणी वाढते. म्हणजे भिंतीला सर्वात जास्त धोका कधी आणि रस्त्याला सर्वात जास्त धोका कधी, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी असू शकतात. मुंबईसारख्या शहरात भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो. तिथे सर्वात मोठ्या भरतीचा एकच आकडा धरून केलेला आराखडा म्हणूनच अर्धवट ठरतो.

आता सर्वात सहज सुचणारा आक्षेप. पाणी वरून येते ना, मग भिंत वाढवा! याचे उत्तर आकड्यांतच आहे. युरोपातल्या संशोधकांनी एकत्र येऊन तयार केलेली ‘युरोटॉप’ ही मार्गदर्शिका २००७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. लाटा भिंत कशी ओलांडतात, याविषयीच्या हजारो प्रयोगांचे सार तिच्यात आहे. तिच्यातल्या सूत्रानुसार, लाटा न फुटता उभ्या भिंतीवर येत असतील, तर दोन मीटरच्या लाटेसाठी मोकळी उंची दर सुमारे १.८ मीटरने वाढवली की ओलांडणारे पाणी एक दशांश होते. चार मीटरची मोकळी उंची आठ केली, तर पाणी दीडशे पटींहून जास्त घटते. पण लाट भिंतीवर आदळून फुटत असेल, तर हे गणित बदलते. तिथे ओलांडणारे पाणी मोकळ्या उंचीच्या साधारण घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे उंची दुप्पट केली तरी पाणी एक अष्टमांशच होते. आदळलेल्या लाटेतून वर उडणाऱ्या पाण्याचा वेग लाटेच्या स्वतःच्या वेगाच्या पाच ते सात पट मोजला गेला आहे. इतक्या वेगाने उडालेल्या पाण्याला एक-दोन मीटर जादा भिंत फारशी अडवू शकत नाही, आणि वारा ते आत ढकलतो. जिथे भिंतीवर लाटा फुटतात, तिथे उंचीवर ओतलेल्या पैशाचा मोबदला असा झपाट्याने घटतो. तोच पैसा आकार बदलण्यावर किंवा भिंतीसमोर लाट आधीच फोडण्यावर घातला, तर जास्त काम करतो.

मग भिंतीला उतार द्यावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात तथ्य आहे, पण एक सापळाही आहे. हॉलंडमध्ये बांधांवर चढणाऱ्या लाटांसाठी एक जुना ठोकताळा वापरत. गुळगुळीत उतारावर शंभरातल्या दोन लाटा जितक्या उंच चढतील, ती उंची म्हणजे लाटेची उंची गुणिले उताराचे प्रमाण गुणिले आठ. चार मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढणाऱ्या उतारावर दोन मीटरची लाट चार मीटर चढते. आठास एक उतारावर तीच लाट दोनच मीटर चढते. उतार जितका आडवा, तितकी लाट लवकर फुटते आणि चढण्याआधीच ऊर्जा घालवून बसते. पण सहा मीटर उंची गाठायला आठास एक उताराला ४८ मीटर जागा लागते. समुद्राला लागून रस्ता, रस्त्याला लागून इमारती, अशा शहरात एवढी जागा आणायची कुठून? म्हणून मग दोनास एक असा उभट, गुळगुळीत काँक्रीटचा उतार बांधला जातो, आणि तिथेच फसगत होते. असा उतार लाटेला फोडत नाही, तिला वर चढायला घसरगुंडी देतो. खोल पाण्यात, सारख्याच माथ्याच्या साध्या उभ्या भिंतीपेक्षा या उतारावरून जास्त पाणी आत येते. उतार दिला म्हणजे सुधारणा झाली, हे समीकरण त्यामुळे खरे नाही. मधला उतार हाच बहुतेकदा सर्वात वाईट असतो.

या उभट उताराला वाचवते ती त्याची खडबडीत, सच्छिद्र त्वचा. मोठ्या दगडांचा दुपदरी थर किंवा टेट्रापॉडचा ढीग असेल, तर लाटेचे पाणी फटींत शिरते, वळते, एकमेकांवर आपटते आणि तिथेच दमते. गणितात हा परिणाम एका गुणकाने मोजतात. गुळगुळीत काँक्रीटसाठी तो १ धरला, तर दगडांच्या अशा थरासाठी सुमारे ०.४ ते ०.५५ आणि टेट्रापॉडसाठी ०.४ च्या किंचित खाली येतो. याचा अर्थ असा, की दोन मीटर मोकळी उंची असलेला टेट्रापॉडचा उतार पाणी अडवण्यात पाच मीटर मोकळी उंची असलेल्या गुळगुळीत उताराइतका चालतो. चार पायांचा हा काँक्रीटचा ठोकळा १९५० मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत जन्मला आणि पहिल्यांदा मोरोक्कोत कासाब्लांका इथल्या वीजकेंद्रासाठी वापरला गेला. मुंबईकरांना त्याचे मोल २०२२ च्या पावसाळ्यात नव्याने कळले. सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी मरिन ड्राइव्हच्या काही भागातले टेट्रापॉड हलवले होते, आणि भरतीच्या वेळी इमारती हादरत असल्याची तक्रार तिथल्या रहिवाशांनी केली. इतके दिवस ठोकळ्यांच्या फटींत विरणारी ऊर्जा आता थेट भिंतीवर आदळत होती, हे त्यामागचे सर्वात सरळ स्पष्टीकरण आहे. अर्थात टेट्रापॉडही निर्दोष नाहीत. ते किनारा झाकून टाकतात, फटींत कचरा साठतो, आणि त्यांच्यावर फिरायला गेलेला माणूस घसरून आत अडकतो. ती बसण्याची जागा नव्हे.

जागा नाही, ठोकळे नकोत आणि समुद्र दिसायलाही हवा, अशा ठिकाणी तिसरा मार्ग म्हणजे भिंतीचा चेहरा आतल्या बाजूला वक्र करायचा आणि माथा समुद्राकडे वळवायचा. वर चढणारे पाणी वळणावर फिरते आणि समुद्रातच परत पडते. याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातले गॅल्व्हस्टन. ८ सप्टेंबर १९०० च्या चक्रीवादळात या बेटावरच्या शहरात किमान सहा हजार माणसे मेली. संपूर्ण बेटावर नऊ फुटांपेक्षा उंच जागा नव्हती आणि समुद्र पंधरा फुटांवर चढला होता. हेन्री रॉबर्ट, आल्फ्रेड नोबल आणि एच. सी. रिप्ले या तीन अभियंत्यांच्या मंडळाने १७ फूट उंचीची, पायाशी १६ फूट आणि माथ्याशी ५ फूट जाडीची, समुद्राकडे अंतर्वक्र चेहऱ्याची काँक्रीट भिंत सुचवली. तिचा पहिला, पाच किलोमीटरांहून लांब टप्पा १९०४ मध्ये पुरा झाला. पण मला त्या आराखड्यात वक्र चेहऱ्यापेक्षाही मोठी वाटते ती त्याची दुसरी बाजू. मोठ्या वादळात पाणी भिंतीवरून येणारच, हे त्यांनी गृहीत धरले. मागचे शहर वाळूचा भराव घालून उंच केले, दोन हजारांहून जास्त इमारती जॅक लावून उचलल्या, आणि भरावाला भिंतीपासून मागच्या खाडीकडे उतार दिला, म्हणजे आत आलेले पाणी साचणार नाही, निघून जाईल. १९१५ मध्ये तशाच ताकदीचे वादळ आले, लाटा भिंतीवरून गेल्या, पण शहरातली जीवितहानी १९०० च्या मानाने अगदी थोडी झाली. त्या यशाचे श्रेय एकट्या वक्र चेहऱ्याला देणे चुकीचे आहे. भिंत ओलांडून आलेल्या पाण्याला कुठे जायचे, याचा विचार आधी झाला होता.

वळवलेल्या माथ्याचा मोह आजही मोठा आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तो योग्यही आहे. इंग्लंडच्या डॉलिश गावात समुद्राला खेटून जाणारा रेल्वेमार्ग अभियंता ब्रुनेलने १८४६ मध्ये सुरू केला. ४-५ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री वादळात तिथली सुमारे ८० मीटर भिंत कोसळली, मागचा भराव वाहून गेला आणि रूळ हवेत लोंबकळत राहिले. मार्ग दोन महिने बंद होता. त्यानंतर तिथे जास्त उंच आणि माथा समुद्राकडे वळवलेली नवी भिंत बांधली गेली. तिचा पहिला टप्पा २०२० मध्ये आणि दुसरा २०२३ मध्ये पुरा झाला. तरीही या आकाराच्या मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. मोकळी उंची लाटेच्या मानाने पुरेशी असेल, तेव्हाच वळण पाण्याला फिरवू शकते आणि ओलांडणारे पाणी दहापटीने, कधी त्याहूनही जास्त घटते. पाणी इतके चढले की लाट वळणाच्या तोंडापर्यंतच आली, तर वळण बुडते आणि त्याचा फायदा जवळजवळ शून्यावर येतो. म्हणजे ज्या रात्री त्याची सर्वात जास्त गरज असते, नेमक्या त्याच रात्री ते निकामी होऊ शकते. शिवाय पाण्याची दिशा फिरवायला बळ लागते आणि ते बळ भिंतच पुरवते. वळणाखाली कोंडलेले पाणी माथ्यावर वरच्या दिशेने जोरदार धक्का देते. म्हणून जुन्या दगडी भिंतीवर नुसते वळलेले काँक्रीटचे ओठ बसवले आणि खालचे बांधकाम तसेच ठेवले, तर पाणी थांबेल पण भिंत उखडेल. वळण द्यायचे असेल, तर त्याच्या धक्क्यासकट सगळ्या भिंतीचे गणित नव्याने करावे लागते.

आणि मग पायथा. सगळ्या चर्चेत याच्याकडे सर्वात कमी लक्ष जाते, आणि भिंती सर्वात जास्त पडतात त्या इथूनच. परतणारी लाट भिंतीच्या पायाशी वाळू ढवळते, आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह ती उचलून नेतो. पायाशी पडणारा खड्डा लाटेच्या उंचीइतका खोल जाऊ शकतो, असा अभियंत्यांचा जुना अंदाज आहे. हे चक्र स्वतःलाच वाढवते. उथळ पाण्यात लाटेची उंची खोलीच्या साधारण पाऊण पटीपर्यंतच जाऊ शकते. भिंतीसमोर दोन मीटर पाणी असेल, तर दीड मीटरपेक्षा मोठी लाट तिथे टिकत नाही. पुळण एक मीटरने खचली आणि पाणी तीन मीटर झाले, तर सव्वादोन मीटरची लाट येऊ लागते, आणि तिची ऊर्जा सव्वादोन पट असते. भिंत तीच, भरती तीच, पण समोरचा शत्रू दुपटीहून मोठा झाला. उभी आणि वक्र भिंत जास्त ऊर्जा परतवत असल्याने हा धोका तिच्यापाशी जास्त, दगडांच्या सच्छिद्र उताराशी कमी, पण कोणत्याच आकाराशी शून्य नाही. गॅल्व्हस्टनच्या भिंतीने शहर वाचवले, पण समोरची पुळण पुढे झिजत गेली आणि अखेर बाहेरून वाळू आणून टाकावी लागली. आणि २००८ मध्ये आइक वादळात त्या शहरात पाणी शिरले ते मुख्यतः मागच्या खाडीच्या बाजूने, जिथे भिंत नव्हतीच.

यावर कोणी म्हणेल, एवढे तोटे असतील तर भिंत हवीच कशाला? खारफुटी लावा, पुळण जपा. या म्हणण्यात सत्याचा मोठा अंश आहे. रुंद पुळण हा निसर्गाने दिलेला सर्वात उत्तम उतार आहे, आणि नद्यांवरची धरणे व वाळूउपसा यांमुळे तिला मिळणारी वाळू आटते, तेव्हा भिंतीची मागणी वाढते. पण खारफुटी खाडीच्या शांत चिखलात वाढते, फुटत्या लाटांच्या उघड्या किनाऱ्यावर नाही. आणि जिथे रस्ता, वस्ती, मच्छीमारांची घरे आधीच पाण्याच्या कडेला आहेत, तिथे भिंत नको म्हणणे म्हणजे त्या माणसांना नको म्हणणे होते. माझे मत असे, की भिंत शक्य तितकी मागे असावी आणि तिच्यासमोर पुळण किंवा दगडांचा उतार राहील एवढी जागा सोडावी. उभी भिंत पाण्याच्या रेषेवरच आणून बांधणे हा शेवटचा पर्याय असावा. आज तो बहुतेक वेळा पहिला असतो.

कोकणात धूपप्रतिबंधक बंधारे अनेक गावांत झाले आहेत आणि होत आहेत. त्यांतले बरेच दगडांच्या उताराचे आहेत, म्हणजे मूळ कल्पना चुकीची नाही. चूक होते ती तपशिलात. दगड लाटेच्या मानाने हलके असले की एका पावसाळ्यात विखुरतात. दगडांखाली बारीक खडीचा आणि गाळण कापडाचा थर नसेल, तर फटींतून वाळू निघून जाते, बंधारा खचतो आणि कागदावरची मोकळी उंची प्रत्यक्षात उरत नाही. पायथ्याशी मोठ्या दगडांची रुंद पट्टी नसेल, तर पहिल्या खड्ड्यात वरचा उतार घसरतो. मग ‘समुद्राने बंधारा गिळला’ अशी बातमी येते आणि तोच बंधारा त्याच मापाने पुन्हा मंजूर होतो.

एका सरासरी आकड्यानेही फसवणूक होते. भिंतीवरून दर मीटरमागे सेकंदाला एक लिटर पाणी येते, असे अहवालात लिहिले तर ते क्षुल्लक वाटते. पण तासाला ते ३,६०० लिटर झाले, आणि ते धारेने येत नाही, मोजक्या मोठ्या लाटांतून येते. त्यातली एखादी लाट एका दमात शेकडो लिटर पाणी कठड्यामागे उभ्या असलेल्या माणसावर टाकते, आणि तेवढे पाणी त्याला खाली पाडायला पुरते. म्हणून सरासरीबरोबर सर्वात मोठ्या एका लाटेतून किती पाणी येईल, हेही सांगितले पाहिजे, आणि भरतीच्या वेळी गटारांची तोंडे बंद असताना ते पाणी कुठून बाहेर जाईल, हेही.

हे सगळे आधी तपासता येते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला ३०० मीटर लांबीचा कृत्रिम लाटांचा कालवा आहे, तिथे जवळजवळ खऱ्या आकाराच्या लाटांखाली बांधांची परीक्षा होते. आपल्यालाही लांब जायला नको. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सुरू केलेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र पुण्याजवळ खडकवासल्याला आहे, आणि बंदरे व किनारी बांधकामे यांच्या प्रतिकृतींवर लाटा सोडून चाचण्या घेण्याचा त्याचा अनुभव मोठा आहे. कोकणातल्या प्रत्येक मोठ्या बंधाऱ्याच्या आराखड्याची अशी चाचणी भरतीच्या एका नव्हे, तीन-चार पातळ्यांवर व्हावी. माथ्यावरून किती पाणी येईल, पायथा किती खचेल आणि शेजारच्या पुळणीचे काय होईल, हे त्या अहवालात मराठीत लिहिलेले असावे, आणि निविदा निघण्याआधी तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. किनाऱ्यावरच्या गावांनी ही मागणी आतापासूनच लावून धरावी.